आत, आत, बाहेर, बाहेर

पडद्यावरची खिडकी मध्येच गोठते, बटण दाबलं तरी हलत नाही, किंवा हलते आणि एकाच कामाच्या दोन नोंदी करून बसते. अशा आजारी खिडक्यांचं निदान करणं हा माझा व्यवसाय आहे. पुण्यात गेली कित्येक वर्षं मी हेच करते. नवे सहकारी विचारतात, हे कुठल्या कंपनीत शिकलात? हे कंपनीतलं शिक्षण नाही. ते रामटेकचं आहे, आणि ज्यांनी ते दिलं त्यांनी त्याचा एक रुपयाही घेतला नाही. आपलं नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांचीच इच्छा आहे, म्हणून मी त्यांना इथेही नुसतं सर म्हणते.

रामटेक म्हटलं की बाहेरच्या माणसाला गडावरचं राममंदिर आठवतं, कालिदास स्मारक आठवतं, खिंडसीचं पाणी आठवतं. आम्हा गावातल्यांना त्याआधी पानमळे आठवतात. माझं घर पानमळ्यावर चाललं. संगणक ही आमच्या घरात कुणी उच्चारलेली गोष्ट नव्हती. पण गावाला मात्र ती अगदी परकी नव्हती. 1985 साली इथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं होतं, 1997 मध्ये संस्कृत विद्यापीठ आलं. आणि 1984 व 1989 मध्ये रामटेकने लोकसभेत पाठवलेले पी. व्ही. नरसिंह राव साठी उलटल्यावर संगणक शिकले, कोबोल आणि बेसिक शिकून स्वतः प्रोग्रॅम लिहू लागले. सर हे प्रत्येक नव्या तुकडीला सांगत. "ज्याले अख्ख्या देशाची कामं होती, त्याले वेळ भेटला. तुमाले कामून भेटत नाही?" हा त्यांचा पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न असे.

सरांकडे पदवी नव्हती. आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करत, मग संगणक दुरुस्त करू लागले, आणि मग बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्यांनी आपल्या घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. एमएस-सीआयटीच्या तुकड्या संध्याकाळी सुटत. त्यानंतर ज्याला बसायचं असेल त्याने बसावं, असा तिथला नियम होता. भारनियमनाचे दिवस होते, वीज आली की बसायचं. एका मुलीने रात्री तिथे बसणं आमच्या घरी पटणं शक्य नव्हतं. ते पटवलं सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी. त्या स्वतः मळ्यावर येऊन बाबांना सांगून गेल्या की पोरगी माझ्या नजरेसमोर असेल. नंतर मी आत बसले असेन तेवढा वेळ काकू ओसरीवर काहीतरी निवडत, टिपत बसलेल्या असत, आणि काम झालं की मला घरापर्यंत सोडून येत. सरांचं ऋण मोजताना लोक काकूंना विसरतात. त्यांनी दिलेला वेळ नसता तर सरांची विद्या माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

तेव्हा सगळीकडे व्हिज्युअल बेसिक 6 चालत असे. खिडकीवर बटण ओढून ठेवायचं, त्यावर दोनदा टिचकी मारायची, खाली चार ओळी लिहायच्या, झाला प्रोग्रॅम. बाकीचे वर्ग इथेच सुरू होत आणि इथेच संपत. सर मात्र बटणाला हात लावू देत नसत. त्यांच्याकडे चार्ल्स पेट्झोल्ड यांचं 'प्रोग्रॅमिंग विंडोज' होतं, 1998 ची पाचवी आवृत्ती, नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेली. इंग्रजी त्यांना जड जाई. शब्दकोश बाजूला ठेवून त्यांनी ते अवाढव्य पुस्तक वाचलं होतं आणि समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून ठेवले होते. त्या समासावरच मी शिकले.

पुस्तकातल्या ज्या तीन ओळी त्यांनी आम्हाला वहीत हाताने लिहायला लावल्या, त्यांवर खिडकी दाखवणारा जवळजवळ प्रत्येक विंडोज प्रोग्रॅम उभा आहे. रांगेतून पुढचा संदेश घ्या, तो गेटमेसेज. कळ दाबल्याचा असेल तर त्याचं अक्षर करा, तो ट्रान्सलेटमेसेज. ज्या खिडकीचा आहे तिच्याकडे पोचवा, तो डिस्पॅचमेसेज. आणि पुन्हा पहिल्यापासून. खिडकी हलते, रंगते, बटण दबल्यासारखं दिसतं, ते सगळं या फेऱ्यांमुळे. हा इव्हेंट लूप. एखाद्या खिडकीने संदेश घेतला आणि तिचं काम लांबलं, की फेरी अडली. फेरी अडली की पडदा गोठला. खिडकी गोठते याचं एवढंच कारण असतं, आणि मी हे ज्यांना ज्यांना समजावलं त्यांतल्या पदवीधरांनाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग प्रश्न येतो, काम लांबणारच असेल तर? छपाईयंत्राची वाट पाहायची आहे, वापरणाऱ्याला "नक्की पुसू का?" असं विचारून उत्तराची वाट पाहायची आहे. इथे लोक लूपच्या पोटात दुसरा लूप चालवतात. वाट पाहणारं काम स्वतःच रांगेतून संदेश उचलून वाटू लागतं, म्हणजे पडदा जिवंत राहतो. व्हिज्युअल बेसिकमध्ये त्यासाठी डू-इव्हेंट्स नावाची एक ओळ होती. खिडकी गोठली की ही ओळ टाका, हा उपाय तेव्हा जो तो दुसऱ्याला सांगत असे.

त्या एका ओळीने काय होऊ शकतं ते मी एका पतसंस्थेत पाहिलं. संस्थेचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही. रोजच्या ठेवी गोळा करणारे एजंट संध्याकाळी पैसे आणून भरत. काउंटरवरच्या ताई रक्कम टाकत, "जमा" दाबत, पावती छापली जाई. महिन्यातून काही वेळा हिशेब जुळत नसे. पुस्तकात जमा जास्त आणि पेटीत रोख कमी. प्रोग्रॅम कुणा बाहेरच्याने करून दिलेला आणि तो माणूस नंतर फिरकला नव्हता. संगणक चूक करत नाही अशी सगळ्यांची श्रद्धा, त्यामुळे तूट ताईंच्या पगारातून कापली जाई. त्या विधवा होत्या, त्यांची दोन मुलं शाळेत होती. काकूंच्या ओळखीने त्या सरांकडे आल्या आणि बोलता बोलता रडल्या.

सर मला सोबत घेऊन गेले. त्यांनी प्रोग्रॅमला लगेच हात लावला नाही. ज्या पावत्यांचा घोळ होता त्या काढून पाहिल्या, आणि प्रत्येक जोडीत पावतीचा क्रमांक एकच निघाला. एकच खातं, एकच रक्कम, एकच क्रमांक, दोन नोंदी. सर बराच वेळ त्या कागदांकडे पाहत राहिले. मग "जमा" बटणाच्या कामात शिरताना एका फाइलीत "आत" आणि निघताना "बाहेर" असं वेळेसह लिहिणाऱ्या दोन ओळी त्यांनी घातल्या आणि म्हणाले, "आता पाहू, काय होऊन राहिलं तं."

काही दिवसांनी घोळ पुन्हा झाला. फाइल उघडली. हजारो ठिकाणी आत, बाहेर, आत, बाहेर. आणि त्या एका जागी आत, आत, बाहेर, बाहेर.

मला आजही ते चार शब्द मराठीतल्या कुठल्याही ओळीइतके स्वच्छ आठवतात. झालं असं होतं. ठिपक्या ठिपक्यांनी छापणारं जुनं डॉट मॅट्रिक्स यंत्र. "जमा" दाबलं की प्रोग्रॅम पुढचा पावती क्रमांक वाचे, पावती छपाईला पाठवे, छपाई संपेपर्यंत डू-इव्हेंट्सच्या आधाराने थांबे आणि मग नोंद करून क्रमांक एकाने वाढवे. यंत्र कधी अडखळलं की पावती उशिरा येई. ताईंना वाटे बटण दबलं नाही. त्या पुन्हा दाबत. हा दुसरा संदेश रांगेत शिरे, आणि वाट पाहत थांबलेलं पहिलं कामच तो उचलून त्याच बटणाकडे पोचवे. दुसरं काम पहिल्याच्या पोटात सुरू होई, तोच न वाढलेला क्रमांक वाची, छापी, नोंद करी, निघून जाई. मग पहिलं जागं होई आणि आपली नोंद करी. नंतर आलेला आधी बाहेर, आधी आलेला नंतर बाहेर. ताईंनी पैशाला हात लावला नव्हता. त्यांनी फक्त बटण दोनदा दाबलं होतं, आणि ते कुणीही दाबलं असतं.

सरांनी पहिल्या दाबाबरोबर बटण बंद होईल आणि काम पुरतं संपल्यावरच उघडेल असं केलं, क्रमांक घेणं नोंदीच्या क्षणाला आणलं, आणि मग ती फाइल छापून संस्थेच्या मंडळींसमोर ठेवली. त्यांना लूप समजावून सांगायला सरांना सगळी दुपार लागली. कापलेले पैसे ताईंना परत मिळाले. संस्थेने सरांना मानधन विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मले नको. त्या बाईची माफी मागा." त्या दिवसापर्यंत प्रोग्रॅमिंग मला नोकरीची वाट वाटत होती. एखादा माणूस खोटा ठरतो की खरा, हे त्या चार शब्दांवर ठरू शकतं हे मला तिथे कळलं, आणि मी याच कामाला लागले.

परत येताना मी विचारलं, सर, हे डोक्यात कसं धरायचं? सर अधूनमधून संस्कृत विद्यापीठातली यंत्रं दुरुस्त करायला जात आणि तिथल्या मंडळींशी गप्पा मारत. ते म्हणाले, पंचतंत्र आठव. करटक आणि दमनक बोलत असतात, त्यातून एक गोष्ट निघते, त्या गोष्टीतलं पात्र दुसरी गोष्ट सांगू लागतं. आतली संपल्याशिवाय बाहेरची पुढे सरकत नाही. सगळ्यात शेवटी उघडलेली सगळ्यात आधी मिटते. इथवर दोन्ही सारखं. "पण एक फरक ध्यानात ठेव. गोष्ट चालू असते तेव्हा बाहेरचं जंगल थांबून असते. सिंह तिथंच, बैल तिथंच. आपल्या पडद्यावर जंगल थांबत नाही. तू आतल्या गोष्टीत असताना बाहेर सिंह मरून राहिला असन. परतून आली की आधी पाय, तो हाय का नाही."

लूपच्या पोटातल्या लूपवर मी त्यानंतर पुष्कळ वाचलं, इंग्रजीत, मोठमोठ्या जाणकारांचं. या फरकाइतकं नेमकं मला कुठेच मिळालं नाही. धोका थांबण्यात नाही, आपण थांबलो म्हणून जगही थांबलं असेल हे गृहीत धरण्यात आहे.

त्याच पेट्झोल्डच्या समासात सरांची आणखी एक नोंद होती, प्रोग्रॅम संपवण्याच्या संदेशाबद्दल. विंडोजमध्ये तो रांगेत आला की गेटमेसेज शून्य देतो आणि लूप संपतो. पण तो नेमका आतल्या लूपच्या हाती पडला तर? आतला संपेल, बाहेरचा मात्र कधी न येणाऱ्या संदेशाची वाट पाहत बसेल, खिडक्या नाहीशा होतील आणि प्रोग्रॅम यंत्रात तसाच अडकून राहील. म्हणून आतल्या लूपने तो संदेश स्वतः गिळायचा नसतो. स्वतः थांबायचं आणि तोच संदेश पुन्हा रांगेत टाकायचा, म्हणजे बाहेरच्यालाही कळतं. विंडोजच्या स्वतःच्या संवादपेट्या असंच करतात. सरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "निरोप आपल्यापाशी ठेवू नये, घरच्या सगळ्यांना पोचवावा."

पुण्यात आल्यावर मी क्यूटी शिकले. 1990च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रोलटेकने बनवलेली ही चौकट आज असंख्य यंत्रांच्या पडद्यांमागे आहे. तिथे संवादपेटी उघडण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे एक्झेक. ती हाक मारली की पुढची ओळ थेट उत्तर मिळाल्यावरच चालते, वाचायला सरळ, लिहायला सोपी. अर्थात पोटात एक लूप घेऊनच. एका प्रयोगशाळेच्या यंत्राचा पडदा चालवणारा, पूर्वी कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम अधूनमधून कोसळत असे, आणि तो माझ्याकडे निदानाला आला होता. अनेकांनी पाहून सोडून दिला होता, कारण तो हुकमी कोसळत नसे. मी सरांच्याच दोन ओळी घातल्या. फाइलीत आलं: आत, आत, बाहेर. शेवटचा बाहेर नव्हताच.

कोडं तिथेच सुटलं. सेटिंगची पेटी उघडी असताना कुणी यंत्राची वायर काढली की आतला लूप तो संदेश इमानाने पोचवी. यंत्र गेलं म्हणून त्याची खिडकी मिटवली जाई, आणि खिडकीचं अपत्य असलेली पेटीही तिच्याबरोबर नाहीशी होई. मग आतला लूप संपून काम परत येई ते नसलेल्या पेटीला हात घालायला. सिंह मरून गेला होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. मी एक्झेक काढून ओपन वापरलं. पेटी उघडायची आणि तिथून निघून जायचं, उत्तर आलं की कुणाला हाक मारायची एवढं सांगून ठेवायचं. रात्री सरांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे आता तुहा प्रोग्रॅम दारात उभा राहून वाट नाही पाहून राहिला. बरं केलं."

आता हीच रीत जगाने मान्य केली आहे. क्यूटीची अधिकृत कागदपत्रंच एक्झेक टाळा, ओपन वापरा असं सांगतात, आणि पेटी उघडी असताना तिचा पालक नाहीसा होण्याचा धोकाही नावाने नोंदवतात. डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या जीटीके 4 या चौकटीमधून संवादपेटीचा असा लूप चालवणारी हाक काढूनच टाकली. सी-शार्पमध्ये 2012 साली आणि जावास्क्रिप्टमध्ये 2017 साली असिंक-अवेट आलं, त्यामुळे लूपच्या पोटात लूप न घालताही सरळ ओळीत लिहिता येतं. तरी सर कधीच असं म्हणाले नाहीत की पोटातला लूप हे पाप आहे. खिडकीची कडा धरून ती मोठी करताना विंडोज स्वतः आतला लूपच चालवतं, मेनू उघडा असतानाही तेच. तो वाईट नाही, त्याला जपून वागवावं लागतं. मी आजही कुणाचा जुना प्रोग्रॅम हातात घेते तेव्हा असे लूप सरसकट उपटत नाही. कोण आत शिरू शकतं आणि परत येताना काय शिल्लक असेल, एवढं आधी पाहते.

सरांनी माझ्याकडून फक्त एमएस-सीआयटीची ठरलेली फी घेतली, तीही बाबांनी हप्त्याने दिली. त्यानंतरच्या सगळ्या रात्री फुकट होत्या. पहिल्या पगारातून मी काहीतरी घेऊन गेले तर त्यांनी काकूंसाठी आणलेली साडी ठेवून घेतली आणि स्वतःसाठी काही घेतलं नाही. म्हणाले, नागपूरला जाशील तेव्हा वर्गासाठी एक पुस्तक आण. मी आणलं. पुढेही आणत राहिले. मोबाइल आले, वर्गाची गर्दी ओसरली, पाटी उतरली. पुढच्या खोलीत यंत्रं अजून आहेत आणि संध्याकाळी एखाददुसरं पोरगं अजून येऊन बसतं. पेट्झोल्ड आता माझ्याकडे आहे, सरांनी तो स्वतःच्या हाताने दिला, समासासकट. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलामुलींना मी त्या तीन ओळी वहीत लिहायला लावते. काहींना ते जुनाट वाटतं. लिहून झाल्यावर वाटत नाही.

जे आज गावोगावच्या वर्गांतून आणि महाविद्यालयांतून प्रोग्रॅमिंग शिकवत आहेत, त्यांना एकच विनंती आहे. मुलांना बटण ओढायला शिकवण्याआधी एक दिवस त्यांना लूप दाखवा, आणि आत व बाहेर लिहिणाऱ्या दोन ओळी त्यांच्या हाताने घालून घ्या. रामटेकमध्ये त्या दोन ओळींनी एका बाईंचा पगार आणि अब्रू परत मिळवून दिली आहे.